ऊन सरकलं, आता खुर्च्या सरकवा

पत्र

ताई, नमस्कार. मी सदुसष्ट वर्षांचा, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्याही आता घरी असतात. मुलगा, सून, नात पुण्यात. आमचं दोघांचं बरं चाललंय. दिवाळीपासून आमचा एक नेम होता. सकाळी नऊला गच्चीवर दोन खुर्च्या टाकायच्या आणि अकरा-साडेअकरापर्यंत उन्हात बसायचं. मी पेपर मोठ्याने वाचतो, त्या मटार सोलतात नाहीतर मेथी निवडतात, मध्ये एकदा चहा होतो, शब्दकोडं होतं, खालच्या भाजीवाल्याशी वरूनच घासाघीस होते. बस, एवढंच. पण चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही इतक्या गप्पा कधी मारल्या नव्हत्या. रथसप्तमी झाली आणि ऊन चावायला लागलं. दहाच्या आतच उठावं लागतं. मग त्या खाली जाऊन आपल्या कामाला लागतात, मी टीव्ही लावतो. गप्पा बंदच. त्यात मुलगा म्हणतो, 'बाबा, नुसते उन्हात बसून दिवस काय काढता? हातपाय चालतायत तोवर टूर करा, नाहीतर इकडे येऊन राहा.' मला कुठे जावंसंच वाटत नाही. एवढ्याशावर खूश राहणं म्हणजे आळस आहे का? आणि थंडी जायला लागली की ही हुरहूर कसली?
ता. क. रजया-स्वेटर आता बांधून ठेवावेत का अजून थांबावं?
– एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड

उत्तर

नमस्कार.

मुलाचं आधी बघू, कारण ते सोपं आहे. तुम्ही आळशी नाही. उभा जन्म घड्याळाच्या काट्यावर डबा उचलून कामावर गेलेल्या माणसाने दोन तास उन्हात बसायचं ठरवलं तर त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. मुलगाही वाईट बोलत नाहीये. आईबाप बसलेले दिसले की मुलांना ते एकदम म्हातारे वाटायला लागतात आणि कुठून तरी हसरे फोटो आले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. तेव्हा त्याला अधूनमधून गच्चीवरचा एखादा फोटो पाठवत जा, निम्मं काम तिथेच होईल. टूर वाईट असं मी म्हणत नाही. दोघांना मनापासून जावंसं वाटेल तेव्हा जरूर जा. पण 'पुढे जमेल न जमेल' या धाकाने काढलेल्या तिकिटात मजा कमी आणि दमणूक जास्त असते.

आता हुरहूर. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. थंडीचं कौतुक त्यात फारसं नाहीच. जानेवारीत निफाडला पारा किती उतरला, शेकोटी केली का, कानटोपी घातली का, यातलं एक अक्षर नाही. आहे ते सगळं गप्पांचं. म्हणजे जीव तुटतोय तो गप्पांसाठी आणि नाव जातंय थंडीवर. हे एकदा कबूल केलंत की बाकी फार अवघड नाही. थंडी थांबवणं आपल्या हातात नसलं तरी गप्पांची वेळ बदलणं आहे.

तुम्ही दोघं जानेवारीचं वेळापत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये चालवू बघताय, घोटाळा एवढाच आहे. नाशकात जानेवारीच्या मध्याला सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. मार्च संपता संपता तो साडेसहाच्या आतच डोकं वर काढतो. शिवाय चढतोही भराभर. जानेवारीत साडेनऊला तो जितका वर आलेला असायचा तितका मार्चअखेरीस साडेआठलाच येतो. डिसेंबरात भर दुपारी तो क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो, २१ मार्चला ७० अंशांवर, आणि २० मेच्या सुमारास आपल्या अगदी डोक्यावर. म्हणजे नऊ ते अकरा ही तुमची वेळ आता तुमची राहिलेलीच नाही. सात ते सव्वाआठ बसा. त्या वेळेला अजून अंगावर शाल लागते, कोवळं ऊन पाठीवर घेता येतं आणि पेपरही तोवर आलेला असतो. होळीनंतर खुर्च्या जिन्याच्या खोलीच्या पश्चिम अंगाला टाका. सकाळची सावली तिकडेच पडते. पाय उन्हात आणि डोकं सावलीत अशी बैठक जमली तर आणखी अर्धा तास सहज निघतो.

संध्याकाळचा विचार तुम्ही केलेलाच दिसत नाही. थंडीत साडेपाचलाच दारं लोटून घेत असाल. आता पावणेसातपर्यंत उजेड राहायला लागेल. सहाच्या सुमारास गच्चीवर अर्धी बादली पाणी शिंपडलं की दिवसभर तापलेला स्लॅब निवतो आणि वारा सुटतो. नाशिकच्या उन्हाळ्याला आपण नावं ठेवतो खरी, पण संध्याकाळचा हा वारा मुंबईतल्या लोकांना पैसे मोजूनही मिळत नाही. शब्दकोडं संध्याकाळी ठेवा.

एवढं करून गप्पा परत सुरू होतील का? अर्ध्या होतील. उरलेल्या अर्ध्यांसाठी मला थोडं स्पष्ट बोलावं लागेल. राग मानू नका.

तुमच्या पत्रात जागोजागी 'आम्ही' आहे. पण वहिनींना काय वाटतं याची एक ओळही नाही. त्यांना ते उन्हात बसणं आवडायचं का? की तुम्हाला आवडतं म्हणून त्या मटारची परात घेऊन वर यायच्या? त्यांचे गुडघे दुखतात का? साठीनंतर कितीतरी बायकांना थंडी म्हणजे सकाळी उठताना भिंतीचा आधार, आणि ऊन तापायला लागलं की त्या सुटकेचा श्वास टाकतात. तुम्हाला हुरहूर वाटतेय तेव्हा घरातल्या दुसऱ्या माणसाला कदाचित मोकळं वाटत असेल. आणि तो चहा 'होतो' म्हणता, तो करतं कोण? तुम्ही लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे. मग पायऱ्या उतरून स्वयंपाकघरात जायचं, चहा टाकायचा, दोन कप सांभाळत परत वर यायचं, तोवर तुम्ही अग्रलेखाच्या शेवटावर. या विश्रांतीत त्यांच्या वाट्याला नेमकं काय आलं, हे त्यांनाच विचारा. 'तुला काय आवडेल' असं मोघम विचारू नका. त्यावर 'मला काय, चालेल काहीही' असं उत्तर येतं आणि विषय मिटतो. वर्षानुवर्षं वर्गात मुलांची उत्तरं काढून घेतलेल्या बाईंना प्रश्न विचारायचा, तर तो नीट विचारा. 'या थंडीतलं तुला कशाचं वाईट वाटतंय आणि कशाचं बरं वाटतंय?' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत पेपर खाली ठेवा.

त्या 'खाली जाऊन आपल्या कामाला लागतात' असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. ते काम त्यांचं एकटीचं का असावं? माघ उतरला की नाशकातल्या घराघरांत वाळवणांचे बेत शिजायला लागतात. ज्या उन्हात तुम्हाला बसवत नाही त्याच उन्हाचं हे काम. वहिनी कुरडया घालत असतील, निदान घालायच्या. आणि त्या कामात एक जागा अशी आहे की जिथे तुमच्यासारखा माणूस हवाच.

गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर ठेवायचा. इथपर्यंत वहिनी तुम्हाला हात लावू देणार नाहीत. पाण्याची जबाबदारी मागून बघा, मिळाली तर नशीब. सकाळी वरचं पिवळट पाणी ओतून द्यायचं, खाली राहिलेला पांढरा चीक हलवून घ्यायचा, मिठाच्या उकळत्या पाण्यात त्याची धार सोडायची आणि घोटायचा. हे घोटणं तुमचं. चीक पहिल्यांदा सळसळीत असतो, वाटतं, यात काय एवढं. मग तो दोन मिनिटांत असा दाटतो की लाटण्याची दांडी जागची हलेना होते. हात थांबला की गुठळी झालीच. एकाने पातेलं फडक्याने धरायचं आणि दुसऱ्याने घोटायचं, म्हणजे दोन माणसं लागतातच. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा दिसायला लागला की झाकण ठेवून वाफ काढायची. त्यातला वाटीभर तिथल्या तिथे खाऊन घ्या, गरमगरम, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. काहीजण दूध-साखर घालतात. तेलावर माझं मत ठाम आहे, पण या वादात संसार पणाला लावू नका. मग सोऱ्या घेऊन गच्चीवर. चीक गरम असेपर्यंतच नीट पडतो, गार झाला की दाबताना घाम निघतो. तुम्ही दाबा, त्या कागदावर गोल फिरवतील. तासाभराचं काम आहे, सात-सव्वासातला सुरू केलंत तर ऊन तापायच्या आत उरकतं. या तासात जेवढं बोलणं होतं ना, तेवढं समोरासमोर खुर्च्या टाकून होत नाही. मागच्या वर्षीच्या कुरडया, सासूबाईंच्या कुरडया, कोणाच्या लग्नात रुखवतात किती गेल्या, कुठली नणंद काय म्हणाली, सगळं निघतं.

मात्र वहिनींनी 'आता पुरे, मला नाही झेपत' म्हटलं तर तो शेवटचा शब्द. बचत गटाच्या कुरडया विकत आणा, चांगल्या असतात. हौस त्यांची नसेल तर तुमच्या हौसेसाठी त्यांना राबवायला मी सांगितलं, असं व्हायला नको.

त्यापेक्षा सोपं काम हवं असेल तर द्राक्षं आहेत. आपण द्राक्षांच्या गावात राहतो आणि बहुतेक नाशिककर ती वाटेत गाडी दिसली म्हणून आणतात. फेब्रुवारी-मार्च हा त्यांचा भर. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडचा माल रोज येतो, थंडीतला आंबटपणा आता गेलेला असतो. घड घेताना देठ बघा, हिरवा असेल तर माल ताजा. मणी अगदी हिरवागार नको, किंचित पिवळट झाक हवी. आणि विकणारा चाखायला देतो तो वरचा मणी असतो. तुम्ही घडाच्या टोकाचा, अगदी खालचा मणी मागा. घडात टोक सगळ्यात शेवटी पिकतं, तेव्हा ते गोड असलं की अख्खा घड गोड समजायचा. तुमच्यापैकी कुणाला साखर असेल तर मूठभर घेऊन थांबा, एवढं सांगायला डॉक्टर नको.

घडातून सुटलेले मणी वेगळे विकायला असतात, ते बरेच स्वस्त पडतात. किलो-दोन किलो आणा आणि घरचा बेदाणा करून बघा. मणी स्वच्छ धुवायचे, उकळत्या पाण्यात टाकायचे, फुगून वर यायला लागले आणि एखाद-दुसऱ्याची साल तडकली की लगेच चाळणीत काढायचे. पाणी निथळलं की पांढऱ्या फडक्यावर, मणी एकमेकांना चिकटणार नाहीत असे पसरून गच्चीवर. वर जाळीदार कापड, नाहीतर माश्या आणि चिमण्या तुमच्या आधी चाखतील. दिवसातून एकदा हलवायचे, रात्री आत घ्यायचे. आपल्याकडची हवा या दिवसांत कोरडी असते, तीन-चार दिवसांत मणी सुरकुततात, आणखी एक-दोन दिवसांत बेदाणा होतो. बाजारच्यासारखा सोनेरी होणार नाही, तपकिरीच होईल. व्यापारी बेदाण्यासाठी मणी द्रावणात बुडवतात, आपण नुसत्या पाण्यात. नातीला सांगा, आजोबांनी केला. मणी हलवायला तुम्हाला दिवसातून एकदा वर जावंच लागेल आणि 'झाले का गं' विचारायला खाली यावंच लागेल. टीव्ही आपोआप बंद राहतो.

मुलाच्या समाधानासाठी एक दिवस बाहेर पडायचंच असेल, तर थंडी पुरती जायच्या आत नांदूर मध्यमेश्वरला जाऊन या. नाशिकरोडहून तासा-सव्वातासाची वाट. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, त्यावर बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांनी जागा धरली. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. दूरवरच्या थंड मुलखांतून आलेली तलवार बदकं, थापट्या बदकं, चक्रवाक ही मंडळी मार्चमध्ये परतीच्या वाटेला लागतात. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. रविवार टाळा, मधल्या वारी सकाळी साडेसातच्या आत पोहोचा आणि डबा घरून न्या. दुर्बीण कुणाची मिळाली तर मागून घ्या. जाताना-येताना पळस, पांगारा, काटेसावर फुललेली दिसली तर गाडी थांबवा. या वयात घाई कोणाला आहे?

रंगपंचमीला मात्र घरात बसू नका. पंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. पेशवेकाळापासूनचे ते जमिनीतले हौद, वर्षभर बुजवलेले, त्या दिवशी रंगाने भरतात आणि पोरं त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारतात. धप्पा मारायचं वय आपलं उरलं नाही. कुणा ओळखीच्याच्या ओट्यावरून बघितलं तरी अंगावर रंग उडतोच, जुने कपडे घालून जा. गाडी लांब लावा, शालिमार चौकाच्या पुढे त्या दिवशी काही खरं नसतं.

राहिली दुपार. बारा ते चार बाहेर पडायचं नाही, हे दोघांनी ठरवूनच टाका. जेवण जरा हलकं, मग झोप. चारला उठल्यावर जो तास जड जातो, त्या तासात पेपरऐवजी एखादं पुस्तक मोठ्याने वाचा, रोज थोडं. तुमचा आवाज वहिनींच्या कानाला सवयीचा झालाय, त्याचा उपयोग करा. एक दिवस तुम्ही, एक दिवस त्या. बाई शिक्षिका आहेत, तुमच्यापेक्षा चांगलं वाचतील. पुस्तकांसाठी सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. १८४०चं वाचनालय आपल्या गावात आहे आणि आपण करमत नाही म्हणायचं, हे बरं दिसत नाही. गावात पुस्तक बदलायला एका वेळी एकानेच जा, एकत्र नको. दिवसातले दोन-तीन तास वेगवेगळे गेल्याशिवाय संध्याकाळी एकमेकांना सांगण्यासारखं काही साठत नाही. थंडीत तुम्हाला गप्पा सुचत होत्या, त्यात नवलाई होती. ती बारा महिने पुरणार नाही. वहिनींना त्यांच्या जुन्या मैत्रिणींकडे एकटीने जाऊ द्या आणि 'किती वेळ लागेल' विचारू नका.

माठ या आठवड्यातच आणा, एप्रिलमध्ये चांगले उरत नाहीत. पहिल्या दिवशी काठोकाठ भरून ठेवायचा, ते पाणी झाडांना घालायचं, दुसऱ्या दिवसापासून प्यायचं. वाळ्याची जुडी टाकली तर आणखी छान. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं, आपल्या वयात तहान उशिरा कळते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळा लागायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवून या.

पुण्याला राहायला जायचं का, हे तुम्ही मला विचारलेलं नाही, मुलाने तुम्हाला विचारलंय. त्याला उत्तर द्या, लोंबकळत ठेवू नका. मे महिन्यात नातीला इकडे पाठवायला सांगा. तिच्यासाठी गच्ची आहे, बेदाणा आहे, आणि आजोबांनी सोऱ्या दाबून हात दुखवून घेतल्याच्या गोष्टी आहेत. त्यानंतर पंधरा दिवस तुम्ही तिकडे जा. कायमचं काही इतक्यात ठरवू नका.

तुमच्या ता. क.चं उत्तर. होळी जळाली, थंडी पळाली असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. त्याआधी रजया बांधल्यात तर एखाद्या पहाटे काढाव्या लागतीलच. स्वेटर धुऊन ठेवा, पण एकेक बाहेर राहू द्या, सकाळच्या बैठकीला लागेल. होळीनंतर कडक ऊन बघून रजया दिवसभर गच्चीवर घाला, मध्ये एकदा उलटवा. वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून आत ठेवा. आणि उन्हातून आणल्या आणल्या गरम घडी घालू नका. सावलीत तासभर पसरून निववा, मगच बांधा. ट्रंक माळ्यावर चढवायचं काम तुमचं असलं, तरी स्टुलावर चढताना खाली कुणीतरी धरायला हवं.